प्ले डो चिकटतोय? वरून मैदा घालू नका, परत गॅसवर ठेवा

आमच्याकडून प्ले डोचं, म्हणजे पोरांच्या खेळायच्या मऊ रंगीत पिठाच्या गोळ्याचं, कोरडं पाकीट नेणाऱ्या आया, आज्या आणि बालवाडीच्या ताई, सगळ्यांसाठी हे लिहितोय, कारण काउंटरवर सारखी एकच तक्रार येते, "ओ दादा, तुमचं पीठ चिकटतंय, पोराच्या हाताला लागलं ते लागलं, चादरीला पण लागलं."

पीठ चांगलंच असतं ओ. गॅस लवकर बंद होतो, मग चिकटतंय म्हणून वरून मूठभर मैदा पडतो, आणि तिथंच सगळं बिघडतं. मैद्यातला स्टार्च साधारण 60-65 डिग्रीच्या पुढं पाणी धरून फुगायला लागतो, ते नीट झालं नाही तर पाणी आत मोकळंच राहतं. वरचा मैदा ते तात्पुरतं झाकतो, दुसऱ्या दिवशी डबा उघडला की गोळा परत चिकट. शिवाय मैदा वाढला की मिठाचं प्रमाण कमी होतं, मग टिकत पण नाही, आणि तो कच्चा मैदा पोरांच्या तोंडात जातो तो वेगळाच.

मग करायचं काय, तर पाकिटातलं मिश्रण, एक कप म्हणजे 240 मिली पाणी, एक मोठा चमचा तेल, आणि रंग आधी पाण्यातच विरघळवून घ्यायचा, नंतर घातला की हातच रंगतात. गुठळी मोडून जाड बुडाच्या कढईत बारीक गॅसवर हलवत राहायचं. आधी खळीसारखं पातळ दिसतं, मग गुठळ्या होतात, आणि इथंच बहुतेक जण घाबरून गॅस बंद करतात. करू नका! हलवत राहा, कढई सोडून सगळा एक गोळा उलथन्याभोवती येतो, चकाकी जाते, वरून बोट टेकवलं तर कोरडं निघतं, तेव्हाच बंद करा. चिकट राहिलाच तर परत कढईत टाकून एक-दोन मिनिटं परता, बस. गरम गोळा पोरांच्या हातात देऊ नका, आत बराच वेळ चटका धरून असतो, कोमट झाला की मळायचं काम त्यांचंच, त्यातच त्यांना खरी मजा येते.

ज्वारीच्या पिठाचं होईल का, हे सोलापुरात विचारणारच, घरोघरी तेच पीठ. उकड काढून गोळा होतो, पण ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला ताण देणारं प्रथिन, नसतं, साप वळायला गेलं की तुकडे पडतात. क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे प्ले डोत घालतात ती आंबट पांढरी पावडर, तिच्या जागी खायचा सोडा घालू नका, ती आंबट आणि तो बरोबर उलटा. घरी करणार असाल तर लिंबाचा रस चालतो.

एक कप मैद्याला अर्धा कप मीठ एवढं कशाला, असं पण विचारतात. मिठामुळंच टिकतं आणि चव अशी खारट की पोरगं दुसऱ्यांदा तोंडात घालत नाही. तरी लहानांजवळ बसा, गोळा गिळला आणि उलट्या झाल्या तर लगेच डॉक्टरकडं न्या. घरात कुत्रं असेल तर डबा वर ठेवा, एवढं मीठ त्याला घातक आहे. गव्हाची ॲलर्जी असलेल्या पोरांना हे पाकीट देऊ नका.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात फॅनखाली उघडा ठेवला की लगेच तडकतो, खेळून झालं की घट्ट झाकणाच्या डब्यात. तडकलाच तर हाताला पाणी लावून मळा. पावसाळ्यात उलटं, मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि ओलसर होतो, तेव्हा पण कढईच. बुरशी दिसली की सरळ टाकून द्या.

फोडलेलं पाकीट आम्ही परत घेत नाही, खाण्याच्या वस्तूंच्या शेजारी ठेवावं लागतं म्हणून. पण गोळा बिघडला तर डब्यासकट घेऊन या, दुकानात छोटी शेगडी आहे, तुमच्यासमोर परतून देतो, पैसे नाहीत. डबा एकदा नेला की पुढच्या वेळी नुसतं पाकीट न्या, स्वस्त पडतं, आणि रंग चार वेगवेगळे घेण्यापेक्षा लाल, पिवळा, निळा एवढेच घ्या, बाकीचे पोरं स्वतः मळून तयार करतात.