मैत्रीपूर्ण सामना: गोल सोडून काय मोजावे

राष्ट्रीय संघाचा मैत्रीपूर्ण सामना रात्री संपतो आणि सकाळी मडगाव-म्हापशाच्या हॉटेलांत भाजीपावाबरोबर त्याचा निवाडाही होतो. जिंकले तर पोरांनी कमाल केली, हरले तर प्रशिक्षकाला घरी पाठवा. दोन्ही निवाडे एकाच आकड्यावर दिलेले असतात, आणि अशा सामन्यात नेमका तोच आकडा सगळ्यांत कमी सांगतो.

२५ मार्च २०२१ला दुबईत भारताने ओमानला १-१ असे रोखले. तेव्हाचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांनी त्या एका सामन्यात दहा जणांना पदार्पणाची संधी दिली होती. चार दिवसांनी त्याच शहरात संयुक्त अरब अमिरातीने भारताला ६-० ने झोडपले. चार दिवसांत कुठल्या संघाची कुवत एवढी घसरत नाही. घसरला तो निकाल. खेळणाऱ्या अकरांतली बरीच नावे बदलली, समोरच्याचा दर्जा बदलला, आणि उरलेला हिस्सा नशिबाचा.

हा नशिबाचा हिस्सा मोजता येतो. फुटबॉलमध्ये दोन्ही संघांचे मिळून सामन्याला सरासरी अडीच-पावणेतीन गोल होतात. बास्केटबॉलसारखे शंभर गुण नसल्यामुळे चांगल्या-वाईटाची गोळाबेरीज व्हायला वेळच मिळत नाही. समजा, एक संघ सामन्याला सरासरी १.६ गोल करण्याइतक्या संधी निर्माण करतो आणि दुसरा १.०. फरक चांगलाच आहे. पण प्वासाँ वितरणाचे (सरासरीवरून किती गोल होण्याची किती शक्यता ते काढणारे) साधे गणित मांडले तर अशा शंभर सामन्यांत वरचढ संघ सुमारे ५१ जिंकतो, २५ बरोबरीत सुटतात आणि २४ तो चक्क हरतो. म्हणजे चांगला खेळूनही दोनातल्या एका सामन्यात त्याला विजय मिळत नाही. म्हणून एका सामन्याच्या निकालावरून संघाची पारख करायला जाऊ नये.

मग पारख कशावर करायची? फटक्यांवर, पण त्यांची नुसती संख्या मोजून नव्हे. सरासरी दहा फटक्यांतला एकच जाळ्यात जातो, आणि फटका कुठून मारला यावर ती शक्यता पार बदलते. हल्ली ज्याला अपेक्षित गोल म्हणतात त्याचे मूळ एवढेच. कंपन्यांची मॉडेले बचावपटूंची जागा, पास कसा आला, फटका पायाचा की डोक्याचा असे बरेच काही मोजतात. गॅलरीत बसून वहीत लिहिणाऱ्याला ढोबळ भाव, म्हणजे फटक्याचा गोल होण्याची शक्यता, पुरतात: पेनल्टीला ०.७६, गोलरक्षकासमोरच्या साडेपाच मीटरच्या लहान चौकटीतून ०.३५, पेनल्टी क्षेत्राच्या मधल्या भागातून ०.१५, त्याच क्षेत्राच्या कडेच्या कोनातून ०.०७, आणि क्षेत्राबाहेरून ०.०३. हेडर असेल तर भाव साधारण निम्मा धरावा, कारण डोक्याने ना तेवढा जोर मिळतो ना तेवढी दिशा.

एक काल्पनिक सामना घेऊ. निकाल १-१. आपले चौदा फटके, त्यांचे सहा. बातमीत येईल की आपण वर्चस्व गाजवले. वहीत मात्र आपले नऊ फटके क्षेत्राबाहेरचे (०.२७), चार कडेचे (०.२८), एक मधला (०.१५), मिळून ०.७०. त्यांची एक पेनल्टी (०.७६), लहान चौकटीतले दोन (०.७०), मधले तीन (०.४५), मिळून १.९१. ही बरोबरी आपल्या गोलरक्षकाने वाचवलेली आहे. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक देशाला देणाऱ्या गोव्यात हे कुणाला समजावून सांगायला नको.

वही लागतेच, कारण डोळा पाहतो ते सगळे मेंदू ठेवत नाही. इयन फ्रँक्स आणि गॅरी मिलर यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की सामना पाहून उठलेल्या निरीक्षकांना त्यातल्या महत्त्वाच्या घटनांपैकी निम्म्याही अचूक आठवत नाहीत. जे आठवते ते गोलाच्या आसपासचे आणि शेवटच्या मिनिटांचे. पंचविसाव्या मिनिटापर्यंत डाव्या बचावपटूने चार वेळा जागा सोडली, ही नोंद तोपर्यंत विरून गेलेली असते.

वहीत आखणी साधी ठेवावी. पानावर अर्धे मैदान काढायचे आणि प्रत्येक फटक्याच्या जागी मिनिट लिहायचे. गोल झाला तर आकड्याभोवती वर्तुळ, हेडरला त्याच्याशेजारी 'ह'. दर पंधरा मिनिटांनी नवे पान. त्या वेळचा धावफलक पानावर वरच लिहावा, कारण आघाडीवर असलेला संघ आपणहून मागे सरकतो आणि मग समोरचा संघ उगीच भारी वाटतो. शक्य असेल तर दोघांनी बसावे, एकाने बोलावे, दुसऱ्याने लिहावे. एकटा माणूस लिहायला मान खाली घालतो तेव्हाच नेमका चेंडू हिरावला जातो.

बसायची जागाही महत्त्वाची. गोलामागून पाहिले तर खेळाडूंच्या दोन फळ्यांमधले अंतर कळत नाही, सगळे खेळाडू एकमेकांवर चढलेले दिसतात. मधल्या रेषेजवळ, बऱ्यापैकी उंचावर बसावे. भातकापणी झालेल्या शेतातले गावचे सामने मेरेवर उभे राहून पाहणाऱ्यांना याची सवय नसते. जमिनीच्या पातळीवरून चेंडूमागचा पाय दिसतो, पण संघाची रचना दिसत नाही. टीव्हीवर तर कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि बचावफळी बहुतेक वेळ पडद्याबाहेर राहते. तिथे फटके मोजावेत, रचनेवर मत देऊ नये.

रचनेसाठी आणखी एक मोजणी उपयोगी पडते: दबाव. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना, त्याच्या बाजूच्या साठ टक्के मैदानात, आपल्याकडून टॅकल, अडवणूक किंवा फाऊल होईपर्यंत त्याला किती पास मिळतात ते बोटांवर मोजायचे. सरासरी आठ-दहा आली तर आपला संघ वर जाऊन भिडतोय. पंधराच्या वर गेली तर तो मागे बसून वाट पाहतोय. पूर्ण नव्वद मिनिटे हे करू नये, डोके उठते. पूर्वार्धात दोनदा आणि उत्तरार्धात दोनदा, पाच-पाच मिनिटे पुरे.

मोजणाऱ्यालाही चकवा बसतो. इंग्लंडमधल्या चार्ल्स रीप यांनी १९५० पासून शेकडो सामने कागदावर उतरवले. सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासच्या चालींतून होतात, असे त्यांना आढळले आणि त्यातून लांब चेंडू मारण्याची शिकवण निघाली. घोटाळा असा की मुळात नव्वद टक्क्यांहून अधिक चालीच तीन पासच्या आत संपतात. नव्वद टक्के चालींतून ऐंशीच टक्के गोल होत असतील, तर जास्त पासच्या चालीच जास्त फळल्या. नुसते गोल मोजले आणि एकूण प्रयत्न मोजले नाहीत की हे असे होते.

मैत्रीपूर्ण सामन्याचे खरे दुखणे बदल्यांचे. अधिकृत सामन्यात पाच बदली खेळाडू, आणि मध्यंतर सोडून ते उतरवायला तीनच संधी. राष्ट्रीय संघांच्या मैत्रीपूर्ण लढतीत ही मर्यादा आणखी सैल असते. तासाभराचा खेळ झाला की दोन्हीकडून माणसे भराभर बदलतात, आणि मैदानावर जे उरते तो संघ पुन्हा कधी एकत्र खेळेलच असे नाही. त्यामुळे पहिल्या साठ मिनिटांची आणि नंतरची बेरीज वेगळी ठेवावी. पहिल्या भागातून संघाविषयी बोलता येते. दुसऱ्या भागातून बोलायचे तर एखाद्या खेळाडूविषयी, तेही जपून. बदली आघाडीपटूने ८०व्या मिनिटाला गोल केला तेव्हा समोरचा बचावपटूही नुकताच उतरलेला होता का, हे आधी पाहावे.

सामना गोव्यात असेल तर हवेचा हिशेब धरावाच लागतो. खेळाडू सामन्यात दहा ते बारा किलोमीटर धावतो आणि अंगातली उष्णता घाम वाळून बाहेर जाते. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. म्हणून क्रीडाशास्त्रात नुसते तापमान न पाहता एक मिश्र निर्देशांक वापरतात: ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापीचे वाचन ७० टक्के, काळ्या गोळ्यातल्या तापमापीचे २० टक्के, साध्या तापमापीचे १० टक्के. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर संध्याकाळी ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर ओली तापमापी २७ च्या आसपास दाखवते. ऊन नसल्याने काळा गोळाही ३० वरच असतो. निर्देशांक येतो जवळजवळ २८. फिफा पाणी पिण्यासाठी खेळ थांबवते तो आकडा ३२. म्हणजे खेळ थांबणार नाही, पण वेगाने मारायच्या धावा शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत ठळकपणे कमी होतील. थंड देशातून दोन दिवस आधी आलेल्या संघाच्या जास्तच, कारण शरीराला अशा हवेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. अशा पाहुण्यांवर ७५व्या मिनिटानंतर मिळवलेले वर्चस्व वहीत कंसात लिहावे.

क्रमवारीचे काय? ऑगस्ट २०१८ पासून फिफाचे सूत्र सरळ आहे: मिळालेला निकाल (विजय १, बरोबरी ०.५, पराभव ०) वजा अपेक्षित निकाल, गुणिले सामन्याचे महत्त्व. ठरलेल्या आंतरराष्ट्रीय कालावधीतल्या मैत्रीपूर्ण सामन्याचे महत्त्व १०, त्याबाहेरच्या सामन्याचे ५, पात्रता सामन्याचे २५. शंभर गुणांनी वर असलेल्या संघाकडून ०.५९ निकालाची अपेक्षा असते. असा संघ कालावधीतला मैत्रीपूर्ण सामना जिंकला तर सुमारे ४ गुण मिळवतो, बरोबरीत एक गमावतो, हरला तर सहा. पूर्वीच्या सरासरीच्या पद्धतीत मैत्रीपूर्ण सामना नुसता खेळूनही नुकसान व्हायचे. २०१८ च्या विश्वचषकाच्या सोडतीआधी पोलंडने असे सामने टाळून वरच्या मानांकन गटात जागा मिळवली ती याच फटीतून.

१४ ऑक्टोबर २०२५ला फातोर्ड्यावर भारत क्रमवारीत खाली असलेल्या सिंगापूरकडून १-२ ने हरला. तो आशियाई चषकाचा पात्रता सामना होता, त्यामुळे गुणांची वजाबाकी मैत्रीपूर्ण सामन्याच्या अडीचपट झाली आणि २०२७ च्या स्पर्धेचे दारही बंद झाले. त्या रात्री गोल मोजणाऱ्यांचे काही चुकले नाही.