मॉनिटर काळा पडला, पण कसा काळा?

‘डिस्प्ले गेला’ हे दोन शब्द संगणक दुरुस्तीच्या दुकानात सतत कानावर पडतात. सांगणाऱ्याला तो एक बिघाड वाटतो, ऐकणाऱ्यापुढे मात्र पाच-सहा शक्यता उभ्या राहतात. पडद्यावर चित्र दिसायचं तर तीन कामं एकापाठोपाठ व्हावी लागतात: संगणकाने चित्र तयार करायचं, केबलने ते न चुकता पोचवायचं आणि मॉनिटरने त्यामागे उजेड देऊन ते दाखवायचं. यातलं कोणतंही काम अडलं की पडदा काळा होतो. पण प्रत्येक वेळचा काळेपणा निराळा असतो आणि तो नीट निरखला, तर बिघाड तीनपैकी कुठे आहे हे स्क्रू ड्रायव्हर हातात न घेताही बहुतेक वेळा कळतं. चांगला मॉनिटर भंगारात जाताना पाहिला की वाईट वाटतं, म्हणून हे थोडं सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, ‘नो सिग्नल’ असा संदेश दिसत असेल तर मॉनिटर बिघडलाय असं समजू नका. ती अक्षरं मॉनिटर स्वतः तयार करतो. ती दिसतात याचाच अर्थ त्याचा वीजपुरवठा, आतलं सर्किट, पॅनेल आणि मागचा उजेड सगळं ठीक चाललंय, फक्त संगणकाकडून काही येत नाही. संदेश दिसत नसेल, तर मॉनिटरच्या कडेचं किंवा खालचं मेनूचं बटण दाबून पाहा. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टचा मेनू उमटला, तर दोष केबलमध्ये किंवा संगणकात शोधायचा. मेनूही उमटला नाही आणि पॉवरचा छोटा दिवाही लागत नसेल, तर वीज पोचतेय का ते बघायचं. हल्ली बऱ्याच मॉनिटरना लॅपटॉपसारखा बाहेरचा ॲडॅप्टर असतो आणि तोच आधी जातो. तो बदलताना त्यावर छापलेले व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. 12 व्होल्टच्या मॉनिटरला घरातला 19 व्होल्टचा लॅपटॉप चार्जर पिन बसते म्हणून लावला, तर आतलं सर्किट जळू शकतं.

दिवा लागलेला आहे, संगणक सुरू झाल्याचा आवाजही आला, पण पडद्यावर मिट्ट अंधार आहे, असंही होतं. हे समजायला एलसीडी पडदा कसा चालतो ते माहीत हवं. 1888 मध्ये फ्रीडरिश रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलपासून बनवलेल्या एका संयुगाचं वागणं विचित्र वाटलं. ते 145.5 अंशांना वितळून गढूळ द्रव होई आणि 178.5 अंशांना तोच द्रव अचानक नितळ होई. त्या गढूळ अवस्थेतले रेणू द्रवासारखे वाहतात, पण स्फटिकातल्यासारखे एका दिशेने ओळीत राहतात. असा द्रव स्फटिक दोन काचांमध्ये भरला, बाहेरून दोन ध्रुवक फिल्म (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारे पातळ पडदे) लावल्या आणि प्रत्येक ठिपक्याला वेगळं व्होल्टेज दिलं, की कुठून किती प्रकाश आरपार जाऊ द्यायचा ते ठरवता येतं. मात्र या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. तो मागे बसवलेल्या दिव्यांकडून, म्हणजे बॅकलाइटकडून येतो. पूर्वी तिथे पातळ फ्लुरोसंट नळ्या असायच्या, आता एलईडी असतात.

त्यामुळे बॅकलाइट गेला, तरी पडद्यावर चित्र तयार होतच राहतं, फक्त ते आपल्याला दिसत नाही. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा आणि हळूहळू सरकवा. डेस्कटॉपवरचे आयकॉन किंवा विंडोच्या कडा भुतासारख्या पुसट दिसल्या, तर पॅनेल शाबूत आहे आणि बिघाड बॅकलाइटमध्ये किंवा त्याला वीज देणाऱ्या सर्किटमध्ये आहे. जुन्या नळीवाल्या मॉनिटरमध्ये याची आणखी एक खूण असते: सुरू केल्यावर एक-दोन सेकंद चित्र दिसतं आणि मग अंधार होतो. नळी नीट पेटत नाही हे ओळखून आतलं सर्किट स्वतःच वीज तोडतं, म्हणून असं होतं. हा बिघाड दुरुस्त होण्यासारखा असतो.

आता केबलकडे येऊ, कारण बहुतेक घोळ तिथेच असतात. एचडीएमआयची केबल खोचली की चित्र वाहू लागण्याआधी बरंच काही घडतं. तिच्या 19 पिनांपैकी अठराव्या पिनेवरून संगणक मॉनिटरकडे 5 व्होल्ट पाठवतो. मॉनिटर एकोणिसाव्या पिनेवरून ‘मी आहे’ असं कळवतो. मग पंधराव्या आणि सोळाव्या पिनांवरून संगणक मॉनिटरचं ओळखपत्र वाचतो. त्याला तंत्रज्ञ ईडीआयडी म्हणतात. त्याचा मूळ भाग फक्त 128 बाइटचा असतो, पण त्यात कंपनीचा संकेत, मॉडेल, बनवल्याचं वर्ष, पडद्याचा आकार आणि कोणतं रेझोल्यूशन कोणत्या वेगाने चालेल ही सगळी माहिती असते. शेवटचा बाइट असा निवडलेला असतो की सगळ्या 128 बाइटांची बेरीज 256 ने निःशेष भागली जावी. बेरीज जुळली नाही, तर वाचताना काहीतरी चुकलंय हे संगणकाला कळतं. ही माहिती साठवणाऱ्या चिपला संगणकाकडून येणारे ते 5 व्होल्टच पुरतात, म्हणून मॉनिटरचा प्लग काढलेला असतानाही कित्येकदा सेटिंगमध्ये त्याचं नाव दिसत राहतं. नाव दिसतंय म्हणजे मॉनिटर सुरू आहे, असं धरून चालू नये.

हे ओळखपत्र वाचता आलं नाही, की संगणक खबरदारी म्हणून कोणत्याही पडद्यावर चालेल असं 1024×768 सारखं जुनं रेझोल्यूशन देतो. आयकॉन मोठे आणि धुरकट दिसतात आणि यादीत 1920×1080 हा पर्यायच नसतो. अशा वेळी लोक ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारं सॉफ्टवेअर, पुन्हा पुन्हा टाकत बसतात, पण दोष अनेकदा सैल बसलेल्या प्लगमध्ये सापडतो. केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवा. तेवढ्याने भागलं नाही, तर मॉनिटर आणि संगणक दोन्ही भिंतीवरच्या बटणापासून बंद करून एखादं मिनिट थांबा. पुढचं बटण दाबून मॉनिटर पूर्ण बंद होत नाही. आतला छोटा प्रोसेसर जागाच राहतो आणि तो अडकला असेल, तर वीज पूर्ण तुटल्याशिवाय सुटत नाही. बंद करून सुरू करण्याच्या जुन्या सल्ल्यामागे एवढं साधं कारण आहे.

जुन्या व्हीजीए केबलचे बिघाड वेगळे असतात. आयबीएमने 1987 मध्ये आणलेली ही पद्धत अजूनही कित्येक शाळा आणि सरकारी कार्यालयांत सुरू आहे. तिच्यात लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग तीन वेगळ्या तारांमधून 0 ते 0.7 व्होल्टच्या कमी-जास्त दाबाने जातात. त्यामुळे कोणती तार तुटली हे रंगावरून ओळखता येतं. पांढऱ्या जागी आकाशी दिसला तर लाल तार गेली, जांभळट गुलाबी दिसला तर हिरवी आणि पिवळा दिसला तर निळी. प्लगमधल्या 15 पिनांपैकी पहिल्या तीन याच रंगांच्या, त्यामुळे त्यांच्यातली एखादी वाकलीय का ते बघावं. नववी पिन मात्र पुष्कळ केबलना मुळातच दिलेली नसते, तिची जागा रिकामी दिसली म्हणून केबल टाकून देऊ नका. कोकणाच्या किनाऱ्यासारख्या खाऱ्या, दमट हवेत या पिनांवर गंज लवकर चढतो. त्यामुळे रंग कधी येतो, कधी जातो.

डिजिटल केबलमध्ये असा एखादाच रंग पुसट होत नाही. तिथे चित्र म्हणजे शून्य आणि एकचा प्रवाह असतो आणि सिग्नल थोडा खराब झाला तरी चित्रात तसूभर फरक पडत नाही. एका मर्यादेनंतर मात्र पडद्यावर पांढरे-रंगीत ठिपके चमकू लागतात आणि त्याच्या थोडंच पुढे चित्र पूर्ण जातं. असे ठिपके दिसले, तर केबल बदलायची वेळ आली असं खुशाल समजावं. हा प्रवाह किती मोठा असतो ते बघा: 1920×1080 चं चित्र सेकंदाला 60 वेळा पाठवायला साधारण 4.46 अब्ज बिट लागतात. फोरके चित्रात ठिपके चौपट, म्हणून 17.82 अब्ज. जुन्या एचडीएमआय 1.4 ची झेप 10.2 अब्जांपर्यंतच आहे, म्हणून तिथे फोरके चित्र सेकंदाला 30 वेळाच जातं आणि माउसचा बाण अडखळत सरकल्यासारखा वाटतो. नवा फोरके मॉनिटर आणला, जुनीच केबल लावली आणि पडदा मध्येच दोन-तीन सेकंद काळा होऊ लागला, तर पहिला संशय केबलवर घ्यावा. केबल जितकी लांब, तितका हा त्रास जास्त.

कन्व्हर्टर विकत घेताना दिशा तपासावी. एचडीएमआयमधून व्हीजीए करणाऱ्या छोट्या डबीत डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप असते, ती उलट दिशेने चालत नाही. टाइप-सी पोर्टचंही तसंच आहे. भोक सारखं दिसलं, तरी प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर येत नाही आणि मोबाइलच्या चार्जरबरोबर येणारी केबल बहुधा चित्र नेण्याच्या क्षमतेची नसते.

संगणकाच्या बाजूला आधी एक गोष्ट बघा: वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्या कार्डाच्या पोर्टला लावलेली हवी. मदरबोर्डवर वरच्या बाजूला असलेल्या तशाच दिसणाऱ्या पोर्टला ती लावली, तर अनेक संगणकांत ‘नो सिग्नल’ येतो. पंखे फिरतात, पण चित्र नाही आणि बीप ऐकू येतात, अशी अवस्था असेल तर रॅम काढून, तिचे सोनेरी संपर्क पुसून पुन्हा बसवल्यावर संगणक सुरू होण्याची शक्यता चांगली असते. लॅपटॉपला मॉनिटर जोडला आणि एकच पडदा चालू राहिला, तर विंडोज की धरून पी दाबा, म्हणजे दोन्ही पडद्यांवर की एकाच, हे निवडता येतं. काम करता करता चित्र गोठलं किंवा गेलं, तर विंडोज, कंट्रोल आणि शिफ्टबरोबर बी दाबा. याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघडी कामं बंद पडत नाहीत. पडदा फक्त एखाद्या सिनेमाच्या ॲपमध्ये काळा होत असेल आणि बाकी सगळं दिसत असेल, तर तो चोरी रोखण्यासाठी केलेल्या कुलपाचा परिणाम असू शकतो. मध्ये लावलेला कन्व्हर्टर ते कुलूप ओळखत नाही.

उभ्या-आडव्या रेषा दिसू लागल्या की दोन परीक्षा करा. मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा. रेषा मेनूवरूनही गेली, तर दोष पॅनेलचा. मेनू स्वच्छ आणि मागचं चित्र खराब असेल, तर केबल किंवा संगणक. दुसरी परीक्षा स्क्रीनशॉटची: स्क्रीनशॉट घेऊन मोबाइलवर पाठवा. रेषा त्यातही असेल, तर चित्र बनतानाच बिघडतंय. पॅनेलच्या काठाला अतिशय बारीक वाहकांच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यातला एक जोड सुटला की ठिपक्यांचा अख्खा उभा स्तंभ मरतो, म्हणून रेषा इतकी सरळ आणि बरोबर एका ठिपक्याच्या रुंदीची असते. कड दाबली की ती रेषा क्षणभर जाते, हे खरं आहे, पण दाबून ती कायमची जात नाही आणि काच मात्र फुटू शकते. नवं पॅनेल बसवायचा खर्च बहुतेक वेळा नव्या मॉनिटरच्या जवळ जातो. हा एक बिघाड असा आहे, जिथे दुरुस्तीचा आग्रह धरण्यात मला अर्थ दिसत नाही.

चित्र थरथरत असेल, तर ब्राइटनेस शंभरावर नेऊन बघा. काही मॉनिटर उजेड कमी करण्यासाठी दिवे सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. पूर्ण ब्राइटनेसला थरथर थांबली आणि डोळ्यांना बरं वाटलं, तर कारण हेच. व्हीजीएवर अंधुक आडवे पट्टे पळताना दिसले, तर घरातलं अर्थिंग तपासून घ्यावं. आपल्या विजेची वारंवारता 50 आणि पडद्याची 60 हर्ट्झ असते, म्हणून विजेची घरघर केबलमध्ये शिरली की तिचे पट्टे एका जागी ठरत नाहीत. आणखी एक नोंद करण्याजोगी गोष्ट: खुर्चीवरून उठताच पडदा क्षणभर काळा होत असेल, तर तो भास नाही. गॅसवर वरखाली होणाऱ्या ऑफिसच्या खुर्चीत स्थिर वीज साठते, उठताना तिची ठिणगी पडते आणि त्यातून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी शिल्डिंग (अशा लहरी अडवणारं धातूचं आवरण) कमी असलेल्या केबलमध्ये शिरतात. चांगल्या शिल्डिंगची केबल हा त्यावरचा उपाय.

राहिला वीजपुरवठ्याचा भाग. मॉनिटर सकाळी चार वेळा बटण दाबल्यावर सुरू होतो आणि एकदा तापला की दिवसभर नीट चालतो, असं दिसलं तर आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोट्या डब्यांसारखे भाग, वाळत आलेत. त्यांच्यातला द्रव उष्णतेने कमी होतो, सपाट डोकं फुगून वर येतं. हे भाग स्वस्त असतात आणि बदलले की मॉनिटर पुन्हा बरीच वर्षं चालतो. पण झाकण स्वतः उघडू नका. 230 व्होल्टच्या एसी पुरवठ्याचं आत डीसी केल्यावर मोठ्या कपॅसिटरवर साधारण 325 व्होल्ट जमतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच असतात. काम माहितगाराकडेच द्या आणि 85 ऐवजी 105 अंशांचे कपॅसिटर बसवायला सांगा. मर्यादेपेक्षा दर 10 अंश कमी तापमानावर कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, त्यामुळे तेवढ्याच गरम मॉनिटरमध्ये ते सुमारे चौपट टिकतात.