शाळा सुरू होण्याची वेळ

माध्यमिक शाळेचा पहिला तास सकाळी किती वाजता भरावा, हा वरवर प्रशासकीय वाटणारा निर्णय. बसच्या फेऱ्या, एकाच इमारतीत भरणारी दोन सत्रे, शिक्षकांचे कामाचे तास, पालकांच्या नोकऱ्या आणि संध्याकाळचे खेळ यांची सांगड घालून ही वेळ ठरत आली आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांची झोप, आकलन आणि मनःस्वास्थ्य यांच्याशी तिचा संबंध असल्याचे संशोधन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आले. त्याआधारे वेळा बदलण्याचे ठळक प्रयत्न १९९० नंतरचे आहेत.

वय वाढते तशी झोपेची गरज घटते, असा समज पूर्वी रूढ होता. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मेरी कार्सकॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हाळी शिबिरांत त्याच त्या मुलांची झोप वर्षानुवर्षे मोजली. रात्री दहा तास अंथरुणात राहण्याची मुभा दिल्यावर लहान मुले आणि किशोर साधारण सारखेच, नऊ तासांहून थोडे अधिक झोपत. विशेष म्हणजे झोप तेवढीच मिळूनही वयात आलेल्या मुलांना दुपारी अधिक पेंग येई. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये तेरा ते अठरा वयोगटासाठी आठ ते दहा तासांची झोप सुचवली.

किशोरवयीनांची झोप पुढे सरकते, हे निरीक्षण वादातीत आहे. तिचे मूळ कशात, यावर मात्र दीर्घकाळ मतभेद राहिले. जुना पक्ष सामाजिक कारणे देतो: अभ्यासाचा वाढता बोजा, आईवडिलांचा सैल होणारा धाक, मित्रमंडळी, विजेचा उजेड आणि अलीकडे फोन. दुसरा पक्ष शारीरिक कारणाचा आहे. कार्सकॅडन यांच्या १९९३ मधील अभ्यासात ‘सकाळचा’ किंवा ‘संध्याकाळचा’ असण्याचा कल सामाजिक घटकांपेक्षा शारीरिक परिपक्वतेशी अधिक जुळलेला आढळला. टिल रोनेबर्ग यांच्या गटाने २००४ मध्ये मोठ्या सर्वेक्षणातून दाखवले की उशिरा झोपण्याची प्रवृत्ती विशीच्या आसपास कळस गाठते आणि मग ओसरू लागते. मुलींमध्ये हा कळस मुलांपेक्षा थोडा आधी येतो. वयात येताना दिनक्रम पुढे सरकण्याचे प्रकार इतर काही सस्तन प्राण्यांतही नोंदले गेले आहेत, आणि त्यांना ना परीक्षा असतात ना फोन. त्यामुळे शारीरिक पक्ष आज अधिक भक्कम मानावा लागतो. तरी उजेड आणि फोन-टीव्हीचे पडदे हा कल वाढवतात, हेही तितकेच खरे. दोन्ही पक्षांना परस्परविरोधी मानण्याचे कारण उरलेले नाही.

यामागची यंत्रणा सहसा अलेक्झांडर बोर्बेली यांच्या १९८२ मधील द्विप्रक्रिया प्रतिमानाने समजावली जाते. जागेपणात साठत जाणारा झोपेचा दाब ही पहिली प्रक्रिया आणि मेंदूतील जैविक घड्याळ ही दुसरी. ऑस्कर येनी आणि सहकाऱ्यांच्या २००५ मधील मोजणीनुसार परिपक्व किशोरांत हा दाब लहान मुलांच्या मानाने सावकाश चढतो, म्हणून रात्री अकरा वाजताही मुलगा टवटवीत असतो. दाब उतरण्याचा वेग मात्र फारसा बदलत नाही. म्हणजे जागे राहणे सोपे होते, झोपेची गरज कमी होत नाही. घड्याळाच्या बाजूचे चित्र तितके स्पष्ट नाही. किशोरांचे अंतर्गत चक्र प्रौढांपेक्षा लांब असावे, असे आरंभी वाटले होते. स्टेफनी क्राउली आणि शार्मेन ईस्टमन यांच्या २०१८ मधील तुलनेत तसा ठळक फरक आढळला नाही. संध्याकाळच्या उजेडाने मेलाटोनिन (झोपेची वेळ झाल्याची सूचना देणारे संप्रेरक) दबण्याचे प्रमाणही वयात आल्यावर वाढेल अशी अपेक्षा होती. क्राउली यांच्याच २०१५ मधील प्रयोगात उलट दिसले: पौगंडाच्या आरंभीची मुले अधिक संवेदनशील निघाली. म्हणून मोठ्या मुलांच्या उशिराच्या झोपेचे सर्व श्रेय उजेडाला देणे धाडसाचे ठरेल.

घंटा लवकर वाजली की काय घडते, याचा एक बोलका पुरावा १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. नववीतून दहावीत जाताना काही विद्यार्थ्यांची शाळा ८.२५ ऐवजी ७.२० ला भरू लागली. मुले त्यासाठी लवकर झोपू लागली नाहीत. दहावीत सकाळी साडेआठला प्रयोगशाळेत तपासले असता जवळपास निम्म्या मुलांना झोप लागताच काही मिनिटांत स्वप्नावस्थेची झोप आली. असा नमुना एरवी निद्राविकाराच्या रुग्णांत दिसतो. याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. सुटीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपणे हीही याच तुटीची भरपाई असते. कामाच्या आणि सुटीच्या दिवसांतील झोपेच्या वेळांमधील या अंतराला २००६ पासून सामाजिक जेटलॅग म्हटले जाते.

धोरणाच्या बाजूने मिनेसोटा राज्यातील एडाइनाने १९९६ मध्ये माध्यमिक शाळा ७.२० वरून ८.३० ला नेली आणि पुढच्या वर्षी मिनियापोलिसने ७.१५ वरून ८.४० ला. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१४ मध्ये साडेआठच्या आधी शाळा भरवू नये, अशी भूमिका घेतली. शाळा उशिरा भरवण्याचा कॅलिफोर्नियाचा कायदा २०१९ मध्ये झाला आणि जुलै २०२२ पासून अंमलात आला. त्यातून ग्रामीण जिल्ह्यांना सूट आहे. फ्लोरिडाने २०२३ मध्ये असाच कायदा केला, पण तो लागू होण्याआधीच २०२५ मध्ये मागे घेतला. दक्षिण कोरियातील ग्योंगी प्रांताने २०१४ मध्ये नऊची शाळा सुरू केली.

‘उशिरा शाळा म्हणजे उशिरा झोप’ हा आक्षेप सर्वत्र घेतला जातो. सिअ‍ॅटलमध्ये २०१६ ला शाळा ७.५० वरून ८.४५ ला गेली, तेव्हा मनगटावरील उपकरणांनी मोजलेली झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढली. तेथील तुलनेने गरीब वस्तीतील शाळेत हजेरी सुधारली आणि उशिरा येणे कमी झाले. सधन वस्तीतील शाळेत तसा फरक दिसला नाही. उशीर झालेल्या मुलाला गाडीने सोडणारे घरी कोणी असेल तर लवकरच्या घंटेची झळ कमी लागते. धोरणाच्या चर्चेत हा मुद्दा मागे राहतो, ही खेदाची गोष्ट आहे. सिंगापूरच्या एका मुलींच्या शाळेत ४५ मिनिटांच्या बदलानंतर नऊ महिन्यांनी झोप सुमारे दहा मिनिटेच अधिक होती, मात्र दिवसाची पेंग आणि मनःस्थिती यांत सुधारणा दिसली. गृहपाठ आणि शिकवण्या रात्री उशिरापर्यंत चालत असतील तर सकाळचा बदल एकट्याने फार पुरत नाही.

गुणांवरील परिणामाबाबत सावधपणा हवा. अमेरिकेच्या हवाई दल अकॅडमीत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे वेळापत्रक यादृच्छिकपणे ठरते. २०११ मधील अभ्यासात आठच्या आधीचा तास असलेल्यांचे दिवसभरातील सर्वच विषयांतील गुण घटलेले आढळले. याउलट २०१७ मधील एका पद्धतशीर आढाव्याने उशिराच्या वेळेचे लाभ संभाव्य मानले, पण उपलब्ध पुरावा कमकुवत ठरवला. हजेरी, झोप आणि मनःस्थिती यांवरील निष्कर्ष गुणांपेक्षा अधिक सुसंगत आहेत.

दोन किंवा तीन सत्रांत भरणाऱ्या शाळांवरील लेखन तुरळक आहे. ब्युनोस आयर्समधील एका शाळेत सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशी सत्रे विद्यार्थ्यांना सोडतीने मिळत. तेथील २०२० मधील अभ्यासात उशिराच्या प्रवृत्तीच्या मुलांचे नुकसान सकाळच्या सत्रात सर्वाधिक, तर संध्याकाळच्या सत्रात नगण्य आढळले. जागेच्या टंचाईमुळे सत्रे करावीच लागतील तेथे सकाळचे सत्र लहानांना आणि दुपारचे मोठ्यांना देणे या पुराव्याशी सुसंगत ठरते. मात्र लहान भावंडांना सांभाळणाऱ्या किंवा शाळेनंतर काम करणाऱ्या मुलांच्या बाबतीत अशी अदलाबदल करताना संध्याकाळचे तासही मोजावे लागतात.