लाकडी सांगाड्याच्या जुन्या घरांचे तपशील-छायाचित्रण (ठाणे)

खांब, तुळया आणि वासे यांच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या जुन्या घरांचे सांधे, कोरीवकाम, दारे-खिडक्या व छप्पर यांची जवळून, मापासह छायाचित्रे घेण्याची पद्धत. जुन्या ठाण्यात, म्हणजे ब्राह्मण आळी, खारकर आळी, चेंदणी कोळीवाडा अशा भागांत, या कामाची निकड मोठी आहे. पुनर्विकासात घर उतरवले की लाकूड विकले जाते आणि ते कसे जोडले होते हे पुन्हा कळत नाही. आळ्या इतक्या अरुंद, की पूर्ण दर्शनी भाग चौकटीत मावत नाही. पण घराचे खरे ज्ञान तसेही तपशिलातच असते.

अशा घरात मुख्य भार भिंतीवर नसतो. कौलांचे वजन रिपा (कौलांखालच्या बारीक आडव्या पट्ट्या), वासे, तुळई, खांब या वाटेने खांबाखालच्या दगडी तळखड्यावर उतरते. भिंत फक्त दोन खांबांमधली जागा, म्हणजे खण, भरते. म्हणून पहिला मान सांध्यांना द्यावा, नक्षीला नंतर. खांबाच्या माथ्यावरचा हस्त (तुळईला आधार देणारा लाकडी तुकडा) तुळईला कसा धरतो, हे एका फोटोत कधीच कळत नाही. समोरून, बाजूने आणि थेट खालून असे तीन तरी हवेत. तुळईचे भिंतीत शिरलेले टोक आणि खांबाचा पाया आवर्जून टिपावा, कारण ओल व वाळवी तिथेच आधी लागते. लोखंडी खिळ्याभोवती काळे पडलेले लाकूड, तासणीचे वार, हातकरवतीच्या वेड्यावाकड्या रेघा यांतून सुताराचा हात दिसतो.

उजेड बाजूने, तिरपा यावा. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून पडतो आणि कोरीवकाम सपाट करून टाकतो. दाराच्या चौकटीवरच्या गणेशपट्टीवर तैलरंगाचे थर चढलेले असतील तर तिरप्या उजेडाशिवाय खालची नक्षी उमटतच नाही. ओटीवर बाहेरचा लख्ख प्रकाश आणि आतला काळोख एकत्र येतात. अशा वेळी तिपाई लावून कमी-जास्त उजेडाची दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत. मोबाइलचे रुंद कोनाचे भिंग (वाइड लेन्स) कडेचे खांब तिरके दाखवते. कॅमेरा भिंतीला समांतर धरावा आणि थोडे मागे सरून जास्त केंद्रांतराचे (फोकल लेंग्थचे) भिंग वापरावे. चौकटीत मोजपट्टी हवीच. त्रिमितीय प्रतिकृती करायची असल्यास लागोपाठच्या छायाचित्रांत निम्म्याहून बराच जास्त भाग सामाईक ठेवतात.

छपरासाठी पावसाळ्याच्या तोंडावर कौले परततात, म्हणजे काढून पुन्हा रचतात, तो काळ उत्तम. वासे आणि आढे (छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड) तेव्हा उघडे पडतात. मंगळुरी कौलांच्या खालच्या बाजूला बहुधा कारखान्याचे नाव उठवलेले असते. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात १८६५ साली असा कारखाना काढला होता. कौल परत बसले की ते नाव दिसत नाही, म्हणून ते त्याच वेळी टिपावे.

माजघर व देवघर यांत घरच्यांना विचारूनच जावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणती खोली नंतर वाढवली, कोणता खांब बदलला हे ठाऊक असते, आणि ती माहिती छायाचित्राइतकीच मोलाची आहे. प्रत्येक छायाचित्रासोबत खोली, दिशा, तारीख आणि खण कितवा हे लिहावे. नुसते ‘सागवानी चौकट’ एवढे लिहिल्यास पुढे तिची जागा शोधता येत नाही. एक प्रत घरमालकांकडेही द्यावी.