दुधात कालवलेली गोळी

संध्याकाळ झाली की "मले घर जानं शे" म्हणत फाटकाकडे निघणाऱ्या आजी खान्देशातल्या कितीतरी वृद्धाश्रमांत दिसतात. अनेकदा यामागे स्मृतिभ्रंश असतो. मुलगा सुरतेला किंवा पुण्याला, रात्रपाळीला माणूस एकच. मग डॉक्टरांना फोन जातो आणि "शांत राहण्याची" गोळी सुरू होते. आजी तोंड मिटून घेतात, म्हणून ती कुटून दुधात नाहीतर कुस्करलेल्या केळ्यात कालवतात. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तरी गोळी जिच्या पोटात जाते तिलाच विचारायचं राहून जातं, आणि हे मला फार गंभीर वाटतं.

म्हातारपणी अंगातलं पाणी आणि स्नायू घटतात, चरबीचा वाटा वाढतो. डायझेपाम हे शांत करणारं, झोप आणणारं औषध चरबीत साठून राहतं. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला विशीत साधारण 20 तास लागतात, ऐंशीत 80च्या आसपास. कालच्या गोळीचा अंमल उतरायच्या आत आजची पोटात पडते. दिवसा गुंगी येते, तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं. गोंधळ वाढला की आजारच वाढला असं समजून कधी डोसही वाढवला जातो.

हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन ही भास-भ्रमांवरची औषधं तर आणखी जपून द्यायची. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 मध्ये यातल्या नव्या पिढीच्या औषधांच्या 17 चाचण्या तपासल्या. सुमारे 10 आठवड्यांत स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांपैकी औषध घेणाऱ्यांत 4.5 टक्के दगावले होते, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 2.6 टक्के. 2008 मध्ये हाच इशारा जुन्या औषधांनाही लागू झाला. भीतिदायक भास होत असतील, रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, तर ती द्यावी लागतात. पण कमीत कमी मात्रेत, थोडे दिवस. त्याआधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणारा गुडघा हे तपासायला हवं.

आपल्याकडे त्यात उन्हाळ्याची भर. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांना टेकतो. यातली काही औषधं घाम कमी करतात, शरीराची तापमान सांभाळण्याची यंत्रणा बिघडवतात, आणि गुंगीतलं माणूस पाणी मागत नाही. पत्र्याखालच्या खोलीत उष्माघाताला एवढं पुरतं. आपल्या भागात हा धोका नातेवाइकांना उन्हाळ्याआधीच सांगायला हवा.

रुग्णाच्या संमतीविषयीच्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केलं, की उपचाराचं स्वरूप, फायदे, धोके, पर्याय आणि नकार दिल्यास काय होईल, हे रुग्णाला सांगूनच संमती घ्यायची. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार ही माहिती रुग्णाला समजेल अशा सोप्या भाषेत द्यावी लागते. गरज पडली तर खुणांनी, चित्रांनी. नकार खुणेने दिला तरी तो नकारच. मिटलेलं तोंडही मला त्यातच मोजावंसं वाटतं.

विसरभोळ्या माणसाला काहीच कळत नाही, हा समज चुकीचा आहे. संध्याकाळी गोंधळणाऱ्या आजींना सकाळी बरंच उमगतं. तेव्हा शेजारी बसून, अहिराणीत, एका वेळी एकच गोष्ट विचारावी. खरंच समजत नसेल तर त्यांनी नेमलेल्या प्रतिनिधीला विचारावं. त्यानेही आजींची आजची आणि पूर्वीची इच्छा लक्षात घेऊनच ठरवायचं असतं. दाखल करताना मुलाने केलेली एक सही पुढच्या प्रत्येक गोळीला पुरत नाही. भेटायला जाल तेव्हा औषधांचा कागद मागा आणि प्रत्येक गोळीपुढे बोट ठेवून विचारा: ही कशासाठी, कधीपासून, आणि बंद कधी करणार?