ग्रामीण भागातील उच्च रक्तदाबाचे व्यवस्थापन

शांत बसलेल्या प्रौढ व्यक्तीचा रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० मिलिमीटर पारा, किंवा त्याहून जास्त भरत असेल, तर त्याला सर्वसाधारणपणे उच्च रक्तदाब म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ३० ते ७९ वयोगटातील सव्वाशे कोटींहून अधिक लोकांना तो आहे. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना त्याचा पत्ताच नसतो, कारण तो दुखत नाही की खुपत नाही. दुखणीसुद्धा अंगावर काढावी लागतात अशा ठिकाणी, न दुखणाऱ्या आजारासाठी मजुरी बुडवून दवाखाना गाठणे अवघडच. म्हणून अनेकांना आपले ‘बीपी’ पहिल्यांदा कळते ते लकवा मारल्यावर.

मोजण्याची यंत्रे आता सोपी झाली आहेत, मोजण्याची शिस्त मात्र सुटते. उन्हातून चालत आलेला माणूस बाकावर टेकतो न टेकतो तोच दंडाला पट्टा गुंडाळला जातो, हात अधांतरी असतो आणि नाव-वय विचारणेही चालूच असते. अशा वेळी दाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. आधी पाच मिनिटे विश्रांती, पाठीला टेकू, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, लघवी तुंबलेली नको आणि बोलणे बंद, एवढे पाळले तरी चुकीची निदाने पुष्कळ टळतात. जाड दंडाला अरुंद पट्टा बांधला तरी आकडा फुगतो.

अ‍ॅम्लोडिपीन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन ही औषधे जुनी, परिणामकारक आणि दिवसातून एकदा घेण्याची आहेत. खरी अडचण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येते. पाकीट संपते, बरे वाटत असते, आणि ‘आता दाब नॉर्मल आहे’ म्हणून गोळी थांबते. दाब नॉर्मल असतो तो गोळीमुळेच, हे समजावून सांगणे हा उपचाराचा निम्मा भाग मानायला हवा. काहींची गोळी घोट्यावर आलेल्या सुजेने सुटते. अ‍ॅम्लोडिपीनने ती येऊ शकते, आणि औषध बदलून मिळते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. अंगमेहनत करणारे दुखऱ्या सांध्यांसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या सर्रास घेतात. त्यांनी दाब वाढतो आणि मूत्रपिंडांनाही धोका पोहोचतो. त्यामुळे प्रत्येक भेटीत ‘दुखण्यावर काय घेता?’ हे विचारलेच पाहिजे.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या मिठाऐवजी २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ दिल्यावर पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना मात्र हे मीठ धोक्याचे ठरू शकते.

गुंतागुंत मेंदू, हृदय, मूत्रपिंडे आणि डोळ्यांचा पडदा यांत होते. तोंड वाकडे होणे, एक हात गळून पडणे, बोलणे अडखळणे दिसताच वेळ नोंदवून रुग्णाला मेंदूचे स्कॅन होणाऱ्या रुग्णालयात हलवावे. लकवा मेंदूतल्या रक्ताच्या गुठळीमुळे असेल, तर ती विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांतच देता येते, आणि खेड्यात यातला बराच वेळ वाहन मिळवण्यात जातो. वाटेत जिभेखाली निफेडिपीन देऊन दाब झपाट्याने उतरवणे घातक आहे. गरोदरपणात २० आठवड्यांनंतर दाब वाढून डोके ठणकत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आई व बाळ दोघांचा जीव धोक्यात असतो. झटके रोखायला मॅग्नेशियम सल्फेट लागते. टेल्मिसार्टन गरोदरपणात वर्ज्य आहे.

बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेच्या ग्रामीण भागांत आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन दाब मोजला, सल्ला दिला आणि गरजूंना डॉक्टरांकडे पाठवले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अशा गावांतला रक्तदाब नेहमीच्या सेवेपेक्षा अधिक उतरलेला आढळला. या कामाचे मुख्य साधन म्हणजे रुग्णांची नोंदवही. कोणाचा दाब किती, गोळ्या कधी संपणार आणि ठरलेल्या तारखेला कोण आले नाही, हे तिच्यातून कळते. जो आला नाही त्याच्या घरी त्याच आठवड्यात जाता येते.