आकडा वाढला की विचारायची पद्धत बदलली?

लैंगिक अत्याचारावरचा कुठलाही सर्व्हे आला की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या, एक "बापरे, एवढं?" आणि दुसरी "हल्ली कशालाही अत्याचार म्हणतात". हे आकडे येतात कुठून हे दोघांनाही माहीत नसतं, म्हणून जरा मागे जाऊ.

आधी मोजदाद व्हायची ती फक्त पोलिसांकडे आलेल्या तक्रारींची, आणि तक्रार करणाऱ्या बाईकडे बघायची नजर कशी होती? सतराव्या शतकात इंग्लंडचे न्यायाधीश मॅथ्यू हेल लिहून गेले की बलात्काराचा आरोप करायला सोपा, सिद्ध करायला अवघड, आणि आरोपी निर्दोष असला तरी त्याला बचाव करणं त्याहून अवघड. अमेरिकेतली कोर्टं ज्युरीला साधारण हेच ऐकवायची, ते पण अगदी १९७० च्या दशकापर्यंत! नवरा बायकोवर बलात्कार करूच शकत नाही हेही हेलसाहेबांचंच, ते इंग्लंडच्या कोर्टाने थेट १९९१ मध्ये मोडीत काढलं. तिकडे अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था एफबीआय, तिची बलात्काराची १९२७ पासूनची व्याख्या फक्त बाईवर बळजबरीने झालेल्या संभोगापुरती, त्यामुळे पुरुष आणि मुलगे त्या आकड्यात यायचेच नाहीत. ती बदलायचं जाहीर झालं २०१२ मध्ये.

अत्याचाराच्या मनावर होणाऱ्या परिणामांचं पण तसंच. १८९६ मध्ये मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने व्हिएन्नात मांडलं की हिस्टेरियाच्या (बायकांना येणारे झटके वगैरेंना तेव्हा दिलेलं नाव) मुळाशी लहानपणचे लैंगिक अत्याचार आहेत, आणि पुढच्याच वर्षी स्वतःच त्यावरून मागे फिरला. मग कितीतरी दशकं पेशंटचं सांगणं हा मनाचा खेळ ठरत राहिला.

खरं काम सुरू झालं १९७० च्या दशकात, स्त्री चळवळीच्या रेट्यामुळे. बॉस्टनमध्ये ॲन बर्जेस ही नर्स आणि लिंडा होल्मस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ, दोघींनी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला सांगून ठेवलं होतं की अशी केस आली की कळवा, मग रात्र असो की पहाट. १९७४ मध्ये त्यांनी ९२ बायकांच्या अनुभवांवरून पेपर लिहिला. भयानक स्वप्नं, दचकणं, एकटं राहायची भीती, कोणी घर बदललेलं, कोणी फोन नंबर. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की साधारण निम्म्या बायका हॉस्पिटलमध्ये रडत, थरथरत होत्या आणि निम्म्या वरून एकदम शांत होत्या. ही शांत बाईच पोलिसांना खोटारडी वाटते, "हिला काही झालंय असं वाटत नाही" म्हणून. पुढे १९८० मध्ये पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर दीर्घकाळ टिकणारा मानसिक त्रास, हे निदान अमेरिकेच्या मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आलं, त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा रेटा मोठा होता, पण नंतरच्या अभ्यासांत दिसलं की बलात्कारानंतर पीटीएसडी होण्याचं प्रमाण बाकीच्या बहुतेक आघातांपेक्षा जास्त असतं, १९९५ च्या एका मोठ्या अमेरिकन सर्व्हेत बायकांमध्ये सुमारे ४६% आणि पुरुषांमध्ये ६५%.

मोजणीची गाडी वळवली मेरी कॉस या मानसशास्त्रज्ञ बाईने. तिने १९८० च्या दशकात ३२ कॉलेजांतल्या सहा हजारांहून जास्त मुलामुलींना सर्व्हे दिला आणि 'तुमच्यावर बलात्कार झालाय का' असं विचारलंच नाही. तुमची इच्छा नसताना कोणी हात पिरगाळून, दाबून धरून संबंध ठेवले का, असं घडलेल्या गोष्टीचं थेट वर्णन करून विचारलं. चारातल्या एकीहून जास्त मुलींनी कायद्याने बलात्कार किंवा तसा प्रयत्न ठरेल असं काही घडल्याचं सांगितलं, आणि प्रत्यक्ष बलात्कार झालेल्यांपैकी बहुतेकींनी स्वतः त्याला ते नाव दिलंच नव्हतं. लगेच टीका सुरू, की पोरींना कळत नाही आणि बाई फुगवून सांगतायत. पण नंतरच्या मोठ्या सर्व्हेंनी प्रश्न विचारायची हीच पद्धत उचलली.

आता जागतिक आरोग्य संघटनेचा 'तीनपैकी एका बाईवर अत्याचार' हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो नीट वाचा हो, त्यात जोडीदाराची मारहाणही धरलेली आहे. जोडीदार सोडून दुसऱ्या कोणाकडून लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या बायका संघटनेच्या २०२१ च्या अहवालात साधारण ६% होत्या, आणि हा आकडाही कमीच असणार असं संघटना स्वतः म्हणते, कारण लाज आणि भीतीने माणूस सर्व्हेत पण बोलत नाही.

"मग ओरडली का नाही?" हा प्रश्न मात्र हेलच्या काळापासून टिकून आहे. २०१७ मध्ये स्टॉकहोमच्या खास इमर्जन्सी क्लिनिकमधल्या सुमारे ३०० बायकांचा अभ्यास आला, त्यात ७०% जणींनी सांगितलं की त्या वेळी शरीर बऱ्यापैकी गोठलं होतं, हलताच येत नव्हतं. ज्यांचं असं झालं त्यांना नंतर पीटीएसडी आणि डिप्रेशनचा धोकाही जास्त. आणि २०१८ मध्ये स्वीडनने कायदाच बदलला, आता तिथे बळजबरी किंवा धमकी सिद्ध करावी लागत नाही, समोरची व्यक्ती स्वेच्छेने सामील होती का एवढंच बघतात.